किकलीचे वीरगळ आणि एक छोटा कॅमेरा

पुणे-सातारा महामार्ग भुईंजजवळ सोडून किकलीच्या वाटेला लागले की चंदन-वंदन या किल्ल्यांची जोडी समोर येते, आणि गावात शिरून भैरवनाथाच्या जुन्या मंदिराच्या आवारात पाऊल ठेवावे तो उभे करून ठेवलेले वीरगळ नजरेस पडतात. वाई तालुक्यातील या गावाची ओळखच मुळी वीरगळांचे गाव अशी आहे. तळच्या चौकटीत झुंज आणि धारातीर्थी पडलेला वीर, तिच्यावर त्याला स्वर्गाकडे नेणाऱ्या अप्सरा, तिच्याही वर शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला तोच वीर आणि माथ्यावर कलश व चंद्रसूर्य, अशी या शिळांची सर्वसाधारण रचना असते. तळाशी गाई कोरलेल्या असल्या तर तो गोधन राखताना पडला असे समजावे. महाराष्ट्रातील बहुतेक वीरगळांवर अक्षर एकही नसते. कोण लढला, कोणाशी लढला, कोणत्या साली पडला, याची सनद नाही की दप्तर नाही. जो काही पुरावा आहे तो त्या बोटभर उठावाच्या कोरीवकामात आहे, आणि तो उठाव पावसाने, शेंदराने आणि माणसांच्या हातांनी वर्षानुवर्षे झिजत चालला आहे.

हा पुरावा उतरवून घेण्यासाठी मी जो कॅमेरा वापरीत आलो आहे तो सदऱ्याच्या मोठ्या खिशात मावतो, दोन पेन्सिल सेलवर चालतो, 8 मेगापिक्सेलचे चित्र देतो आणि त्याचे भिंग सहापट झूमचे आहे. 2010 साली जगभर 12 कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे विक्रीसाठी रवाना झाले आणि त्यांतले बहुसंख्य याच खिशात मावणाऱ्या जातीचे होते. पुढे मोबाइल आले आणि हे कॅमेरे घरोघरच्या कपाटांत पडून राहिले. या कॅमेऱ्यांच्या माथ्यावर जी फिरती चकती असते तिच्यावरचे प्रत्येक चिन्ह म्हणजे प्रकाशाविषयी दुसऱ्या कोणीतरी आपल्या वतीने अगोदरच करून ठेवलेला निर्णय होय. तो निर्णय काय आहे हे ज्याला उमगले त्याच्या हाती हे लहानसे यंत्र पुष्कळ काम करते; ज्याला उमगले नाही त्याला ते दगडाचे चित्र देते, पण शिल्पाचे देत नाही.

हे मला किकलीतच समजले. पहिल्या खेपेस मी चकती ‘ऑटो’वर ठेवून भर दुपारी, झाडाच्या सावलीत उभ्या असलेल्या एका सुरेख वीरगळाची सात-आठ छायाचित्रे घेतली आणि घरी येऊन ती मोठी करून पाहिली, तेव्हा घोडा, ढाल, अप्सरांचे हात, सारे काही एका करड्या फळीत विरघळून गेलेले दिसले. त्याची कारणे दोन होती. सावली पाहून कॅमेऱ्याने आपल्या अखत्यारात फ्लॅश उडविला होता. हा फ्लॅश भिंगाच्या अगदी शेजारी असल्यामुळे त्याचा प्रकाश शिल्पावर समोरून पडतो, आणि ज्या बारीक सावल्यांमुळे उठाव डोळ्यांना उठाव म्हणून दिसतो त्या सावल्याच पुसल्या जातात. दुसरे कारण अधिक खोल आहे. कॅमेऱ्यातील प्रकाशमापक समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करड्या छटेचे असणार असे गृहीत धरून चालतो. आमच्या सह्याद्रीतील काळा कातळ त्याच्यापुढे धरला की त्याला वाटते प्रकाश कमी पडला, म्हणून तो अधिक प्रकाश आत घेतो आणि काळ्या दगडाला राखेचा रंग आणतो. मंदिराची चुन्याने रंगविलेली पांढरी भिंत समोर असेल तर नेमके याच्या उलट होते, आणि पांढरे शुभ्र ते मळकट दिसू लागते.

तेव्हापासून चकती निदान ‘पी’वर तरी असते. या अवस्थेत छिद्र आणि शटर यांची जोडी कॅमेराच जुळवितो, पण फ्लॅश बंद ठेवण्याची आणि एकंदर प्रकाश कमी-अधिक करण्याची मुभा आपल्याकडे राहते. प्रकाश-दुरुस्तीची जी पट्टी पडद्यावर उमटते ती काळ्या दगडासाठी उणे दोन-तृतीयांशावर आणि फारच काळा असला तर उणे एकावर न्यावी. चुन्याच्या भिंतीसाठी तितकीच अधिककडे सरकवावी. एवढ्या एका दुरुस्तीने कातळाला त्याचा काळेपणा परत मिळतो.

तथापि खरे काम सूर्याचे आहे. वीरगळाचे छायाचित्र घेण्याची वेळ म्हणजे सूर्य त्याच्या अंगावरून घासत जातो ती वेळ. पूर्वेकडे तोंड असलेल्या शिळेवर सकाळी ऊन समोरून पडते, म्हणून तिला ती दुपार होण्याच्या थोडी आधी मिळते. दक्षिणाभिमुख शिळेला सकाळ आणि संध्याकाळ अशा दोन्ही बाजूंनी मिळते. आणि उत्तरेकडे तोंड करून भिंतीत बसविलेल्या शिळेला निम्मे वर्ष तरी ती मिळतच नाही. अशाच एका शिळेपुढे मी खोळंबून बसलो असता शेजारच्या ओट्यावर शेंगा निवडीत बसलेल्या आजींनी विचारले, “काय अडलंया, दादा?” मी म्हणालो, “आजी, ऊन पाहिजे होतं दगडावर.” त्या उठून आत गेल्या आणि भिंतीवरचा हातभर आरसा काढून घेऊन आल्या. “ह्यो धरा उन्हात. पर फोडू नगा, लेकीच्या लग्नातला हाय.” त्यांच्या नातवाने अंगणातल्या उन्हात उभे राहून आरशाची तिरीप शिळेवर तिरकी टाकली आणि क्षणभरात झिजलेल्या चौकटीतून तलवार उगारलेला एक हात, घोड्याचा लगाम आणि खाली पडलेल्या माणसाचा पगडीसारखा केशसंभार वर आला. त्या शिळेपुढून मी पुष्कळदा गेलो होतो. तो घोडा मला त्या दिवशी प्रथम दिसला. नंतर मी स्वतःचा एक आरसा फडक्यात गुंडाळून झोळीत बाळगू लागलो.

कॅमेऱ्याच्या पोटात ज्या चकाकत्या चिपेवर चित्र पडते ती जेमतेम 5.8 गुणिले 4.3 मिलिमीटर एवढी, म्हणजे जुन्या 35 मिलिमीटर फिल्मच्या एका चौकटीच्या सुमारे 35 व्या हिश्शाएवढी असते. या लहान अंगाचे गुण आणि दोष दोन्ही समजून घेतले पाहिजेत. गुण असा की भिंगाची खरी नाभीय लांबी अगदी थोडी असल्यामुळे दोन पावलांवरच्या वीरगळापासून मागच्या वंदनगडापर्यंत सारे एकाच वेळी स्पष्ट येते. मोठ्या कॅमेऱ्याला यासाठी छिद्र पुष्कळ लहान करावे लागले असते. दोष असा की तिच्यावरील प्रत्येक बिंदूच्या वाट्याला प्रकाश फार थोडा येतो. आयएसओचा, म्हणजे चिपेच्या प्रकाशसंवेदनेचा, आकडा 80 किंवा 100 वर ठेवला तर दगडाचा पोत तसाच्या तसा उतरतो, 400 वर गेला की रवाळपणा येऊ लागतो, आणि 1600 वर कोरीवकाम कोणते व रवा कोणता हे सांगणे अवघड होते. म्हणून ‘ऑटो आयएसओ’ मी बंद ठेवतो. दगड हालत नाही. त्याला हवा तितका वेळ देता येतो. छिद्र आपण ठरवावे आणि शटर कॅमेऱ्याने ठरवावे अशी ‘एव्ही’ची अवस्था या कामाला सर्वांत सोयीची. तिच्यात छिद्राचा आकडा, जो वाढला की छिद्र लहान होते, 4 च्या आसपास ठेवावा, कारण या छोट्या भिंगात छिद्र 8 पर्यंत आवळले तर प्रकाश त्या चिमुकल्या भोकातून जाताना पसरतो आणि चित्राची धार उलट बोथट होते.

झूमविषयी लोकांत मोठा गैरसमज आहे. भिंगातील काचा पुढेमागे सरकून जे दृश्य जवळ येते तोच खरा झूम; त्यापुढे पडद्यावर जो डिजिटल झूम दिसतो त्यात कॅमेरा मिळालेल्या चित्राचा मधला तुकडा कापून फुगवितो, तपशिलात एका रेषेचीही भर पडत नाही. तो यादीत जाऊन कायमचा बंद करावा. खऱ्या झूमचीही किंमत मोजावी लागते. माझ्या कॅमेऱ्यात रुंद टोकाला छिद्र 2.8 चे असते आणि लांब टोकाला 4.8 चे, म्हणजे पूर्ण झूम केला की सुमारे तिसरा हिस्साच प्रकाश आत येतो, आणि नेमक्या त्याच वेळी हाताचा सूक्ष्म कंपही सहापट होऊन चित्रात उतरतो. कंप रोखण्याची आतली यंत्रणा पुष्कळ सांभाळून घेते, तरी कोपरे बरगड्यांना टेकवून, श्वास अर्धा सोडून, बटण आधी अर्धे दाबून आणि नेमबिंदू स्थिर झाल्याची हिरवी चौकट उमटल्यावरच पूर्ण दाबण्याची सवय लावून घेतल्याखेरीज शिखराखालच्या कीर्तिमुखाचे दात स्पष्ट येत नाहीत. उंचावरच्या शिल्पासाठी झूम लागतो हे उघड आहे. पण जमिनीवरच्या वीरगळासाठीही तो लागतो, हे मला उशिरा कळले. रुंद टोकाला भिंग सरळ कडा बाहेर फुगविते आणि चौकोनी शिळा पिंपासारखी दिसते. चार पावले मागे सरून, शिळेच्या मध्याच्या उंचीवर गुडघे टेकून आणि झूम मधल्या मापावर आणून चित्र घेतले तर कडा कडेसारख्या राहतात आणि पुढे त्यावरून मापेही काढता येतात. शेजारी एक मोजपट्टी उभी करावी.

मंदिराच्या सभामंडपात शिरले की सारा हिशेब बदलतो. तेथे दारातून येणारा प्रकाश दोन खांबांपलीकडे पोचत नाही आणि छताला टांगलेला दिवा दगडाला हळदीचा रंग देतो. पांढऱ्या कागदाचा ताव त्या प्रकाशात धरून कॅमेऱ्याला ‘हे पांढरे’ असे एकदा दाखवून द्यावे लागते. मग रंगांची रुजवात तो बिनचूक करतो. कॅमेरा झोळीवर किंवा खांबाच्या बैठकीवर टेकवून ठेवावा आणि दोन सेकंदांचा टायमर लावावा, म्हणजे बटण दाबताना बसलेला हिसका चित्र उमटण्याअगोदर शांत होतो. मग एक सेकंद, चार सेकंद, लागेल तितका वेळ शटर उघडे राहू द्यावे. अशा चार सेकंदांत खांबावरचे जे भारवाहक यक्ष मला मिळाले ते नुसत्या डोळ्यांनी पाहताना नीट दिसले नव्हते.

चकतीच्या उरलेल्या भागावर ज्या चित्रमय अवस्था असतात त्यांना जाणकार नावे ठेवतात. मला ते पटत नाही. ‘बर्फ’ या चिन्हाचा अर्थ एवढाच की समोर सगळे पांढरे आहे, प्रकाश वाढवा. साताऱ्यात बर्फ पडत नसला तरी चुन्याने सारवलेले मंदिर त्या एका खुणेने चटकन ठीक उतरते. ‘मुले व पाळीव प्राणी’ म्हणजे शटर शक्य तितके जलद ठेवा. आरसा धरणाऱ्या त्या नातवाचे आणि त्याच्या शेळीच्या करडाचे चित्र त्याच अवस्थेत आले. ‘पर्णराजी’ हिरवा रंग गडद करते, ती शेवाळलेल्या शिळेवर कधीही लावू नये. चित्रे जोडण्याची अवस्था मात्र अनमोल आहे. बोरिवलीजवळच्या एक्सर येथील वीरगळांवर नौकायुद्ध कोरलेले आहे; त्यांतील वल्ह्यांच्या रांगा एका चित्रात घेतल्या तर वल्ही मोजता येत नाहीत, म्हणून त्या तुकड्यातुकड्यांनी घेतल्या, आणि आधीच्या चित्राची कड पडद्यावर दाखवून पुढचे कोठून घ्यावे हे कॅमेरा सांगत राहिला.

मॅक्रोविषयी थोडेच सांगतो. भिंग दगडापासून एका सेंटिमीटरवर नेता येते, पण तेथे कॅमेऱ्याचीच सावली अक्षरांवर पडते. हातभर दूर राहणे बरे.

एक नुकसान मात्र माझ्या मनाला अजून लागून आहे. प्रत्येक चित्राबरोबर कॅमेरा छिद्र, शटर, तारीख आणि वेळ यांची नोंद गुपचूप करून ठेवीत असतो, आणि त्या नोंदीवरून कोणत्या शिळेला कोणत्या महिन्यात किती वाजता तिरके ऊन मिळते याचे टिपण मी तयार करीत आलो होतो. एका उन्हाळ्यात सेल काढून कॅमेरा फार दिवस तसाच ठेवला, आतले घड्याळ बंद पडून मूळ तारखेवर गेले, आणि पुढच्या दोन दिवसांतील सगळी चित्रे, त्यांत एका जीर्णोद्धारात फरशीखाली गेलेल्या शिळेचीही, चुकीच्या तारखेने नोंदली गेली. त्या शिळेचे चित्र आहे, पण ते कोणत्या दिवशीचे हे आता खात्रीने सांगता येत नाही. आता मी निघण्यापूर्वी प्रथम घड्याळ पाहतो, आणि वहीतही गाव, दिशा व वेळ हाताने लिहितो.

वाचकांना माझी विनंती आहे. आपल्या गावच्या वेशीवर, मारुतीच्या पारामागे, विहिरीच्या काठावर किंवा धुण्याच्या दगडांत एखादा वीरगळ असेलच. घरातील कपाटात पडलेला जुना कॅमेरा काढा, त्यात नवे सेल घाला, घड्याळ लावा, फ्लॅश बंद करा, आणि सूर्य तिरका असताना त्या शिळेची चार चित्रे घ्या. कोरीवकाम उठून दिसावे म्हणून तिच्यावर खडू, पीठ किंवा तेल लावू नका. आरसा पुरेसा आहे.