हॅरिएट टबमन वर्गात शिकवताना

‘गुलाम’ हा शब्द आमच्या मुलांना प्रथम भेटतो तो पत्त्यांच्या डावात. त्यामुळे हॅरिएट टबमन या वीरांगनेची कथा सांगावयास घेतली की पहिली अडचण शब्दापाशीच येते. माणसाची किंमत ठरते, तो विकला जातो, गुलाम आईचे मूलही जन्मतःच मालकाचे होते, हे आधी समजावल्याखेरीज तिच्या पलायनाचे मोल मुलांना कळत नाही.

दुसरी अडचण ‘भूमिगत रेल्वे’ या नावाची. पेडण्याच्या बोगद्यात शिरणारी गाडी पाहिलेली मुले साहजिकच तसलाच बोगदा डोळ्यांपुढे आणतात. वस्तुतः तेथे ना रूळ होते, ना इंजिन. पळालेल्यांना आसरा देणारी घरे ही तिची स्थानके, आणि जीव धोक्यात घालून वाट दाखविणारी माणसे हे तिचे वाटाडे.

हॅरिएट सुमारे १८२२ साली मेरीलँड प्रांतात जन्मली. किशोरवयात, मुकादमाने दुसऱ्याच गुलामावर फेकलेले वजन तिच्या डोक्यास लागले. त्या दुखापतीमुळे पुढे जन्मभर तिला अवचित गुंगी येई. १८४९ साली भावांसह निघून एकदा परतावे लागल्यावर ती पुन्हा एकटीच निघाली आणि फिलाडेल्फियास पोहोचली. ती स्वतः सुटली, तरी तेथे स्वस्थ बसली नाही. उलट सुमारे तेरा वेळा परत जाऊन तिने सत्तरेक माणसांना बाहेर काढले. १८५० च्या कायद्याने मुक्त प्रांतांतही पळालेल्यांना पकडता येऊ लागले, तेव्हा तिने त्यांना कॅनडापर्यंत नेले. ती बहुधा शनिवारी रात्री निघे. असे का, हे मुलांनाच विचारावे. पळालेल्यांची जाहिरात सोमवारपूर्वी छापून येत नसे, हे उत्तर सापडले की निरक्षर बाईची बुद्धी त्यांना आपोआप उमगते.

येथे आमचीही एक चूक सांगितली पाहिजे. एकोणिसाव्या शतकातील एका चरित्रावरून रूढ झालेला ‘एकोणीस फेऱ्या, तीनशे माणसे’ हा आकडा आम्ही पुष्कळ वर्षे वर्गात सांगत आलो. नव्या संशोधनाने तो टिकत नाही. सत्तर म्हटल्याने हॅरिएट लहान होत नाही. फुगविलेल्या आकड्याने शिक्षक मात्र लहान होतो. शिवाय १८६३ साली यादवी युद्धात कंबाही नदीवरील मोहिमेत तिच्या मार्गदर्शनाने सातशेंहून अधिक लोक मुक्त झाले, ते वेगळेच.

याहून मोठी चूक पुढची. ‘सर, आपल्याकडे गुलाम नव्हते ना?’ असे एका मुलीने विचारले, तेव्हा आम्ही ‘नव्हते’ म्हणून मोकळे झालो. ते उत्तर असत्य होते. लिन्स्कोटेन हा डच प्रवासी १५८३ साली गोव्यास आला. जुन्या गोव्याच्या मुख्य रस्त्यावर सकाळच्या लिलावात स्त्री-पुरुष विकले जात, हे त्याने लिहून ठेवले आहे. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून आणलेले लोकही येथे गुलाम म्हणून राबत. पोर्तुगालने आपल्या सर्व मुलखांतील गुलामगिरी कायद्याने रद्द केली ती १८६९ साली, म्हणजे अमेरिकेनंतर चार वर्षांनी. उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी लोकांचे काही पूर्वज गोव्यातून निसटलेले गुलाम होते, असे मानले जाते. १७८८ पूर्वी पेडणे पोर्तुगिजांकडे नव्हते. बार्देशातून शापोरा नदी ओलांडली की त्यांचे राज्य संपे. हा नकाशा फळ्यावर काढला की रोजची नदी मुलांना निराळी दिसू लागते.

मराठीशीही या कथेचा जुना संबंध आहे. जोतीराव फुले यांनी १८७३ सालचा ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केला. दूरच्या मुक्तीत त्यांना आपल्या घरचा प्रश्न दिसला. आम्हा शिक्षकांनाही तो दिसावा. पुढच्या वर्षी त्या मुलीच्या वर्गात आम्ही आधीचे उत्तर मागे घेतले, आणि मगच धडा पुढे नेला.