गुडघ्याचा एक्स-रे: ‘सौम्य झीज’ म्हणजे नेमकं काय?



मागच्या सुट्टीत जवळा बाजारला घरी गेलो, तेव्हा आईने गुडघ्याचा रिपोर्ट पुढे ठेवला: ‘माइल्ड डीजनरेटिव्ह चेंजेस’. “झिजला म्हणतेत. आता बदलावा लागतो का रे?” एवढाच तिचा प्रश्न. उत्तर शोधताना संशोधनातला एक धडाही उजळला.

आधी हे लक्षात घ्या, की साध्या एक्स-रेत कूर्चा दिसतच नाही. दिसतात हाडं आणि त्यांच्यामधली फट. फट कमी झाली की कूर्चा झिजली, असा आपण अंदाज बांधतो. म्हणूनच एक्स-रे उभं राहून, गुडघ्यावर भार देऊन काढतात. झोपून काढला तर फट प्रत्यक्षापेक्षा मोठी दिसू शकते.

झीज मोजायला केलग्रेन आणि लॉरेन्स यांची १९५७ ची श्रेणी आजही वापरतात. ० म्हणजे काही नाही. १ म्हणजे शंका. २ म्हणजे हाडाच्या कडेला नक्की वाढ, फट कदाचित कमी. ३ मध्ये फट नक्की कमी, ४ मध्ये फारच कमी आणि हाडाचा आकारही बदललेला. बहुतेक अभ्यासांत २ पासून पुढे ऑस्टिओआर्थ्रायटिस धरतात. ‘सौम्य’ हा शब्द साधारण खालच्या पायऱ्यांसाठी येतो.

पण खरी गंमत पुढे आहे. एक्स-रेत झीज असूनही काहींना दुखत नाही आणि काहींचा एक्स-रे बरा असूनही गुडघा ठणकतो. १९९६ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला डॉ. अरविंद चोप्रा यांच्या चमूने कॉपकॉर्ड पद्धतीने घरोघरी पाहणी केली. तिथे सुरुवात एक्स-रेने नव्हे, दुखण्याबद्दलच्या प्रश्नांनी झाली. तपासणी त्यानंतर.

आता विचार करा: एकाच गावात एक जण एक्स-रेवरून रुग्ण मोजतो, दुसरा दुखण्यावरून. दोघांचे आकडे वेगळे येतील आणि दोघेही प्रामाणिक असतील. म्हणून प्रस्ताव लिहिताना ‘रुग्ण कोणाला म्हणणार?’ हे आधी ठरवा. नाहीतर मार्गदर्शक पहिला प्रश्न तोच विचारतील!

आईला मी सांगितलं, “नुसत्या या कागदावरून गुडघा बदलत नसतेत. किती दुखतं, किती चालता येतं, हे डॉक्टर तपासून बघतेत.” मांडीच्या स्नायूंचा व्यायाम आणि वजन आटोक्यात ठेवणं, हे पहिले उपाय. मात्र गुडघा अचानक सुजून लाल झाला, ताप आला, तर थांबायचं नाही.

तिने रिपोर्ट घडी करून ठेवला आणि विचारलं, “मग व्यायाम दाखव की.”