कोकणची भूमी कोणी दिली?

कोकण परशुरामाने समुद्र हटवून निर्माण केले, ही कथा आपल्याकडे लहान पोरालाही ठाऊक असते. सारी पृथ्वी दान दिल्यावर त्याला राहायला जागा उरली नाही. म्हणून त्याने सह्याद्रीवरून बाण सोडला, समुद्र मागे सरला आणि ही पट्टी वर आली. कथा म्हणून ऐकायला हरकत नाही. परंतु तिच्या पोटात मालकीहक्क दडलेला आहे. भूमी कोणी निर्माण केली असेल तर ती कोणाला देताही येते. ज्यांना दिली ते मालक आणि बाकीचे कुळे, असे मग आपोआप ठरते. जोतीराव फुल्यांनी हे ओळखले होते. १८७३ सालच्या ‘गुलामगिरी’त त्यांनी या ‘चिरंजीव’ परशुरामाला सहा महिन्यांच्या आत हजर होण्याची नोटीसच दिली. तो आला नाही. मग ही भूमी आली कोठून? माझ्या मते हा प्रश्न चळवळीतील प्रत्येकाने भूशास्त्राला विचारला पाहिजे.

पृथ्वीचे कवच अखंड नाही. सुमारे शंभर किलोमीटर जाडीच्या प्रचंड तुकड्यांचे ते बनलेले आहे. या तुकड्यांना भूपट्ट म्हणतात. त्यांच्याखालचा खडक घन असला तरी आतल्या उष्णतेमुळे अतिशय मंद गतीने वाहतो. समुद्रतळाशी जेथे दोन पट्ट दूर होतात, तेथे तप्त रस वर येऊन नवा तळ तयार होतो. अरबी समुद्रातही अशी एक रांग आहे. पट्टाची जुनी, थंड, जड झालेली कड दुसऱ्या पट्टाखाली बुडते आणि मागचा भाग ओढत नेते. दोन खंड आदळले तर पर्वत उठतात. खंड सरकतात हे आल्फ्रेड वेगेनरने १९१२ साली मांडले. तो हवामानशास्त्रज्ञ, भूशास्त्रातील बहुतेक प्रस्थापितांनी त्याला उडवून लावले. समुद्रतळाचे पुरावे हाती आल्यावर १९६०नंतरच्या दशकात त्यांना ते मान्य करावे लागले. वेगेनर १९३० सालीच वारला होता.

आपली भूमी एकेकाळी आफ्रिका, मादागास्कर, ऑस्ट्रेलिया, अंटार्क्टिका यांना जोडलेली होती. त्या महाखंडाला १८८५ साली एडुअर्ड झ्युस या शास्त्रज्ञाने नाव दिले ते गोंडवनाचे, म्हणजे मध्य भारतातील गोंड आदिवासींच्या मुलुखाचे! सुमारे ८ कोटी ८० लाख वर्षांपूर्वी मादागास्कर आपल्यापासून तुटू लागले. कर्नाटकात मालपेजवळची बेटे त्या काळच्या ज्वालामुखी खडकांची आहेत. ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या सुमारास दख्खनवर लाव्हाचे थर साचले आणि त्यानंतर लवकरच सेशेल्स बेटे अलग झाली. आपला पश्चिम किनारा म्हणजे ही फाटलेली कड होय. पुढे सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी भारत आशियाला भिडला आणि हिमालय उठला. आजही आपण वर्षाला सुमारे ५ सेंटिमीटर उत्तरेकडे सरकत आहोत.

सिंधुदुर्गात हा इतिहास पायाखाली आहे. देवगड-कणकवलीकडे लाव्हाचा काळा कातळ दिसतो. मालवणहून दक्षिणेला त्याहून कितीतरी जुने खडक उघडे पडतात. रेडीचे लोहखनिज ज्या खडकांत आहे ते अडीचशे कोटी वर्षांपलीकडचे. सड्यावरचा जांभा हा पावसाने खडक कुजवून, लोह-ॲल्युमिनियम मागे ठेवून घडवला. चिरेखाणीतला मजूर तोच कापतो.

आता गंमत पाहा. किनारा फाटला तेव्हा सह्याद्रीचा कडा आजच्यापेक्षा पश्चिमेला होता. लक्षावधी वर्षांच्या पावसाने, ओढ्यानद्यांनी तो कोरला आणि पूर्वेकडे मागे नेला. त्याच्या पायथ्याशी उरली ती कोकणपट्टी. म्हणजे मागे सरला तो डोंगर! समुद्राचे म्हणाल तर सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी त्याची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती आणि किनारा पश्चिमेला दूरवर होता. बर्फ वितळले तसा समुद्र जमिनीवर चालून आला. पुढे थोडे चढउतार झाले. पण एकंदर हिशेबात त्याने कोकणची जमीन घेतलीच आहे.

ही भूमी कोणाच्या बाणाने आली नाही, म्हणून ती कोणाला आंदणही मिळालेली नाही. तिच्यावरचे हक्क माणसांनी केले आणि माणसांनीच मोडले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. खोती कायद्याने गेली ती १९४९च्या अधिनियमाने. पण कागदावरचा खोत गेला तरी कथेतला खोत शिल्लक आहे. भूगोल शिकवणाऱ्या शिक्षकांना माझे एवढेच सांगणे आहे : भूपट्टांचा धडा परीक्षेपुरता उरकू नका. मुलांना सड्यावर न्या, खडकाला हात लावू द्या. आणि ही जमीन कोणी दिली, हा प्रश्न त्यांनाच विचारा.