स्वस्त विमानाचा हिशेब भिसेगावापासून

विमानप्रवास स्वस्त झाला असे आपण सहज म्हणून जातो. स्वस्त नेमके काय झाले, हे मात्र तिकिटावर छापलेले नसते. कर्जत बाजारातून रूळ ओलांडून पलीकडे भिसेगावात आलात, तर इथल्या माणसाचा जीव गाडीच्या वेळापत्रकात अडकलेला दिसेल. घाट चढण्यासाठी मागे जादा इंजिने जोडून घेत थांबलेल्या गाड्या बघत तो लहानाचा मोठा होतो. आता त्याच्या घरातले कोणी बंगळुरूला असते, कोणी हैदराबादेत. दिवाळी तोंडावर आली की रेल्वेची वेटिंग लिस्ट बघून हताश झालेले घर मोबाइलवर विमानाचे भाडे चाचपू लागते. ‘२,९९९ पासून’ असा आकडा दिसतो आणि बेत ठरतो. हा आकडा खोटा नसतो, पण तो टर्मिनलच्या आतला असतो. भिसेगावकराचा प्रवास त्याच्या कितीतरी आधी सुरू होतो.

स्वस्ताई येते कुठून?

भारतात ही गोष्ट कॅप्टन जी. आर. गोपीनाथ यांच्या एअर डेक्कनने २००३ साली सुरू केली. आर. के. लक्ष्मण यांचा ‘कॉमन मॅन’ या कंपनीची ओळख होता, आणि काही मोजक्या जागा एक रुपयात विकून तिने देशभर चर्चा घडवली होती. २००५ मध्ये स्पाइसजेट आणि गोएअर आल्या, २००६ मध्ये इंडिगो, तर २०२२ मध्ये अकासा. वाटेत काही गळाल्या. एअर डेक्कन ज्या किंगफिशरमध्ये विरघळली ती २०१२ मध्ये जमिनीवर आली, आणि गोएअरचे नाव बदलून झालेल्या गो फर्स्टची उड्डाणे मे २०२३ मध्ये थांबली. या धंद्यात नफा किती तुटपुंजा असतो, ते एवढ्यावरून कळावे.

म्हणून इथे सगळी काटकसर वेळेची असते. विमान हवेत असेल तेवढाच वेळ ते कमावते. त्यामुळे एक विमान उतरले की अर्ध्या तासाच्या आसपास प्रवासी उतरवायचे, झाडलोट करायची, नवे प्रवासी भरायचे आणि पुन्हा उडायचे. शक्यतो एकाच जातीची विमाने ठेवायची, म्हणजे वैमानिक, यंत्रज्ञ आणि सुटे भाग सगळीकडे चालतात. एअरबस ए-३२० मध्ये पुढच्या ऐसपैस खुर्च्या काढून १८०-१८६ जागा बसवायच्या. इंडिगोने २०२२ मध्ये काही विमानांतून प्रवासी दोनाऐवजी तीन दारांनी उतरवायला सुरुवात केली, तीही पाच-सहा मिनिटे वाचावीत म्हणून. थाळीचे पैसे घेण्याऐवजी भाजी, पोळी, भात सुटे विकावेत तसे इथे तिकिटाचे आहे: आसन वेगळे, सामान वेगळे, खाणे वेगळे. ज्याला नुसती पोळीच हवी आहे त्याला हे परवडते. सगळेच मागवणाऱ्याने मात्र थाळीचा भाव एकदा विचारून घ्यावा.

कोणते टर्मिनल? आणि कोणता विमानतळ?

स्वस्त कंपन्यांसाठी वेगळे टर्मिनल बांधण्याचा प्रयोग पूर्वेकडच्या देशांनी करून पाहिला. सिंगापूरच्या चांगी विमानतळावर मार्च २००६ मध्ये ‘बजेट टर्मिनल’ उघडले. तिथे विमानाला जोडणारे पूलच नव्हते, प्रवाशांनी चालत जायचे. त्याच महिन्यात क्वालालंपूरनेही असेच एक टर्मिनल सुरू केले. गर्दी इतकी वाढली की सिंगापूरचे २०१२ मध्ये बंद करून पाडावे लागले, आणि क्वालालंपूरला २०१४ मध्ये त्याऐवजी भलेमोठे टर्मिनल उभारावे लागले.

मुंबईत असे कोणी ठरवून बांधले नाही. २०१४ मध्ये चकाचक टर्मिनल २ सुरू झाले, पूर्ण सेवेच्या कंपन्या एकेक करून तिकडे गेल्या, आणि सांताक्रूझचे जुने टर्मिनल १ स्वस्त कंपन्यांच्या वाट्याला आले. त्यांचीही काही उड्डाणे टर्मिनल २ वरून सुटतात. धावपट्ट्या त्याच असल्या तरी दोन्ही टर्मिनलची दारे वेगळ्या रस्त्यांवर आहेत. चुकीच्या दाराशी उतरलेल्याला बॅगा घेऊन पुन्हा रिक्षा शोधावी लागते.

२५ डिसेंबर २०२५ पासून यात उलव्यातल्या विमानतळाची भर पडली. नवी मुंबई विमानतळावरून त्या दिवशी इंडिगो, एअर इंडिया एक्सप्रेस, अकासा आणि स्टार एअर यांची उड्डाणे सुरू झाली. आता ‘मुंबई’ असे शोधले की दोन्ही विमानतळ एकाच यादीत येतात. सांताक्रूझची खूण बीओएम आणि नवी मुंबईची एनएमआय. भाड्याच्या आकड्याआधी ही तीन अक्षरे वाचावीत.

घरापासून दारापर्यंत

कर्जतहून चौक आणि पनवेल करत नवी मुंबई विमानतळ रस्त्याने अदमासे ४०-४५ किलोमीटर. टर्मिनल १ ला जायचे तर रस्ता त्याहून कितीतरी लांब, आणि मुंबईची रहदारी वेगळी. दिवसाउजेडी सामान हलके असेल तर लोकलसारखे साधन नाही. घाटकोपरला उतरायचे, मेट्रो १ ने मरोळ नाका गाठायचा, तिथे भुयारी मेट्रो ३ मध्ये बदलायचे. पुढे टर्मिनल २, मग सहार रोड आणि मग टर्मिनल १ चे स्थानक येते. दादरला पश्चिम रेल्वे पकडून विलेपार्ले पूर्वेला उतरायचे आणि रिक्षा करायची, हा जुना मार्गही आहेच.

गंमत अशी की स्वस्त तिकिटे पुष्कळदा नेमकी अडनिड्या वेळेची असतात. पहाटे साडेपाचचे विमान म्हटले की लोकल-मेट्रोचे गणित जुळत नाही. रात्री दीडला घर सोडायचे आणि खासगी गाडी करायची. उलट बाजूने रात्री अकराला उतरलात, पट्ट्यावरून बॅग यायला अर्धा तास गेला, की शेवटची कर्जत लोकल हातची जाऊ शकते. आठशे रुपये वाचवणाऱ्या विमानासाठी गाडीवाल्याला त्याच्या दुप्पट-तिप्पट मोजणारी घरे कमी नाहीत. चौघे मिळून जात असाल तर हिशेब बदलतो, कारण गाडीचे भाडे चौघांत वाटले जाते. एकट्याने मात्र दुपारचे थोडे महाग विमानही ताडून पाहावे.

फराळाचे वजन

देशांतर्गत स्वस्त तिकिटावर साधारणपणे १५ किलो सामान विमानाच्या पोटात आणि ७ किलोची एक बॅग हातात, असा दंडक आहे. केवळ हातातल्या बॅगेची तिकिटेही मिळतात, तेव्हा तिकीट काढतानाच नीट वाचावे. जादा किलो आधी ऑनलाइन घेतले तर स्वस्त पडतात, काउंटरवर तेच बरेच महाग होतात. म्हणून घरचा वजनकाटा बॅगेसाठीही वापरावा.

दिवाळीच्या दिवसांत अडचण फराळाची असते. चकल्या, शंकरपाळे, लाडू यांना आडकाठी नाही. पण स्टीलचा डबा एक्स-रे यंत्रात काळा ठोकळा दिसतो. सुरक्षारक्षक तो बाजूला काढून उघडायला लावतात आणि आईने दोरीने चार वेढे देऊन बांधलेले झाकण रांगेत सोडत बसावे लागते. फराळ पारदर्शक डब्यात नेला की हा वेळ वाचतो. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या बॅगेत घालू नयेत. खोबऱ्यातले तेल आपोआप तापून पेट घेऊ शकते, म्हणून विमानवाहतुकीत ते धोकादायक मालात मोडते. आजीच्या पानाच्या डब्यातला अडकित्ता हातातल्या बॅगेत चालत नाही, तो मोठ्या बॅगेत जावा. पॉवर बँकेचे बरोबर उलटे: ती हातातच हवी, पोटातल्या सामानात नको. दुबईच्या लेकीसाठी अनारसे नेणार असाल तर तिथे खसखशीवर बंदी आहे, हे पक्के ध्यानात ठेवा. हौसेने लावलेली खसखस तिथे गुन्हा ठरू शकते.

आत गेल्यावर

वेब चेक-इन घरीच करावे. आसन निवडायचे पैसे दाखवले जातात, पण न निवडता पुढे गेले तर कंपनी स्वतःहून एखादी जागा देते. दारावर सीआयएसएफचा जवान तिकीट आणि मूळ ओळखपत्र बघतो. दोन्हींवर नाव एकच हवे. डिजियात्रा अॅपमध्ये आधीच नोंदणी केली असेल तर चेहरा दाखवून वेगळ्या रांगेतून जाता येते. मुंबईत ही सोय २०२३ पासून आहे आणि ती ऐच्छिक आहे.

सामानाचा काउंटर सहसा विमान सुटण्याच्या तासभर आधी बंद होतो आणि विमानाचे गेट साधारण २५ मिनिटे आधी. तिकिटावरची वेळ विमान हलण्याची असते, आपण पोहोचण्याची नव्हे. एसटीला हात दाखवला की ती थांबते, ही सवय इथे उपयोगाची नाही. अनेक विमानतळांवर हल्ली घोषणाही होत नाहीत. गेट बदलले तर फक्त पडद्यावर दिसते, म्हणून पडद्याकडे लक्ष ठेवावे.

पूल नसलेल्या गेटवरून बसने विमानापर्यंत जावे लागते. बस विमानाजवळ उभी राहते, इंजिनांचा आवाज आणि इंधनाचा वास येतो, मग जिना नाहीतर उताराचा रॅम्प. गुडघे दुखणाऱ्यांसाठी चाकाची खुर्ची तिकीट काढतानाच मागून ठेवावी.

टर्मिनलमधला चहा कर्जत स्टेशनवरच्या वड्याच्या भावात मिळेल अशी आशा धरू नये. सरकारने डिसेंबर २०२४ मध्ये कोलकात्यात ‘उडान यात्री कॅफे’ सुरू करून दहा रुपयांत चहा आणि वीस रुपयांत समोसा दिला, आणि पुढे इतर विमानतळांवरही असे कॅफे निघाले. ते नसतील तर घरची पोळी-भाजी नेण्यात कसलाही कमीपणा नाही. रिकामी बाटली तपासणीनंतर आत भरून घेता येते.

विमान उशिरा, किंवा नाहीच

वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम लागू झाले आणि पुरेसे वैमानिक नाहीत म्हणून डिसेंबर २०२५ च्या पहिल्या पंधरवड्यात इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली. काटेकोर बसवलेले वेळापत्रक एकदा विस्कटले की किती वेगाने ढासळते, ते तेव्हा सगळ्यांनी पाहिले. अशा वेळी तिकीट स्वस्त म्हणून हक्क कमी होत नाहीत. हवाई वाहतुकीची नियामक संस्था असलेल्या डीजीसीएच्या नियमांनुसार छोट्या उड्डाणाला दोन तासांहून अधिक उशीर झाला तर खाण्या-पिण्याची सोय कंपनीने करायची. सहा तासांहून अधिक उशीर होणार असेल तर दुसरे विमान किंवा पूर्ण परतावा, यातला पर्याय द्यायचा. हवामानासारखी हाताबाहेरची कारणे वगळता, वेळेत न कळवता उड्डाण रद्द केले तर भरपाईचीही तरतूद आहे. आपण स्वतःच प्रवास रद्द केला तरी तिकिटातले विमानतळ शुल्क आणि कर परत मागता येतात. हे फार थोडे जण मागतात. दाद सरकारच्या ‘एअरसेवा’ पोर्टलवर मागता येते, आणि तिथे तिकीट आणि मेसेज पुरावा म्हणून कामी येतात, तेव्हा ते पुसून टाकू नयेत.

या सगळ्यात कंपनीच्या हाती विमानाचे भाडे आहे, पण भिसेगावकराचा खर्च ठरतो तो रस्त्यावर. कर्जत-पनवेल उपनगरी मार्गाचे काम पुढे सरकते आहे. वावर्ल्याच्या डोंगरातला त्याचा अडीच किलोमीटरहून लांब बोगदा मुंबईच्या उपनगरी रेल्वेत सर्वांत मोठा ठरेल. त्या मार्गावर पहाटेची आणि रात्री उशिराची लोकल धावली तर नवी मुंबईचे विमान इथल्या माणसाला खऱ्या अर्थाने परवडेल. तोवर तिकीट काढताना एका कागदावर चार ओळी मांडाव्यात: भाडे, सामान, खाणे, आणि घर ते टर्मिनल. चौथी ओळ पहिलीपेक्षा मोठी निघाली, तर रेल्वेची वेटिंग लिस्ट आणखी एकदा उघडून बघायला हरकत नाही.