‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे नेमकं कुठे?

दुपारी मोबाईलवर मेसेज येतो. पालघर जिल्ह्यात तुरळक ठिकाणी विजांच्या कडकडाटासह हलका ते मध्यम पाऊस, वाऱ्याचा वेग ताशी ३० ते ४० किलोमीटर. सोबत पिवळा रंग. तुम्ही डहाणू रोड स्टेशनवर लोकलची वाट बघत उभे आहात, शर्ट पाठीला चिकटलाय, आभाळात ढगाचा पत्ता नाही. मेसेज स्वाइप करून उडवता. संध्याकाळी तलासरीच्या मित्राचं स्टेटस दिसतं: घरावरचे दोन पत्रे उडालेत आणि अंगणभर कैऱ्या पडल्यात. तुमच्याकडे एक थेंब नाही. ‘हवामान खात्याचं नेहमीचंच’ म्हणून आपण मोकळे.

खरं तर खातं इथे चुकलेलं नसतं. आपण तो मेसेज वाचलेलाच नसतो. ‘तुरळक’ हा शब्द कुणी उगाच सावधपणे घातलेला नाही, त्याला आकडा आहे. अंदाज दिलेल्या भागातल्या एकूण पाऊस-केंद्रांपैकी २५ टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस अपेक्षित असेल तर ‘तुरळक ठिकाणी’. २६ ते ५० टक्के म्हणजे ‘काही ठिकाणी’. त्याच्या वर ७५ पर्यंत ‘बऱ्याच ठिकाणी’ आणि त्यापुढे ‘बहुतांश ठिकाणी’. आठ तालुक्यांचा जिल्हा, एका टोकाला समुद्र, दुसऱ्या टोकाला मोखाड्याचे डोंगर. एप्रिल-मेमधला वादळी ढग बहुतेक वेळा काही किलोमीटर रुंद असतो आणि तास-दीड तासात संपतो. तलासरीत धो धो आणि डहाणूत कोरडं, हे ‘तुरळक’चं अगदी आदर्श उदाहरण झालं.

रंगांचंही तसंच. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, केशरी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे आता हालचाल करा. पिवळा आला की ‘काही होत नाही’ असं आपण धरून चालतो. पण विजेला रंग कळत नाही.

आता तापमानाचं बघा. डहाणू आणि तलासरीत रस्त्याने जेमतेम पंचवीस-तीस किलोमीटरचं अंतर, तरी उन्हाळा दोन वेगळ्या जातीचा. डहाणू, चिंचणी, बोर्डीला दुपारी खारे वारे सुटतात आणि पारा वर चढता चढता अडतो. मात्र दमटपणामुळे घाम वाळत नाही, त्यामुळे ३४ अंशही ४० सारखे वाटतात. तलासरी, उधवा, दापचरीकडे हे वारे पोचेपर्यंत दमलेले असतात. तिथे ऊन कोरडं आणि चटका देणारं.

किनाऱ्यावरचे सगळ्यात तापलेले दिवस मेमध्येच येतात असं नाही. मार्च-एप्रिलमध्ये पूर्वेकडून कोरडे वारे जोर धरतात, समुद्रावरचा वारा दोन-तीन तास उशिरा पोचतो आणि तेवढ्यात पारा उसळी घेतो. म्हणून किनाऱ्यासाठी उष्णतेच्या लाटेची व्याख्याच वेगळी आहे. सपाट प्रदेशात किमान ४० अंश लागतात, किनाऱ्यावर ३७ पुरतात, आणि ते नेहमीपेक्षा निदान साडेचार अंशांनी जास्त असायला हवेत. विदर्भातला रूममेट ‘३७ला कसली लाट?’ म्हणून हसला तर त्याला एक दुपार डहाणूच्या बंद वर्गात बसवा, पंखा बंद असेल तर उत्तमच.

हीच उष्णता आणि हाच दमटपणा एकत्र आले की वळवाचा पाऊस शिजतो. जमीन दिवसभर तापते, समुद्राकडून ओलावा आत येतो, जव्हारच्या बाजूला डोंगर हवेला वर ढकलतात. तीन-चारच्या सुमारास पूर्वेला फुलकोबीसारखा ढग उभा राहतो. वरच्या थरातले वारे पूर्वेकडून असतील तर तो किनाऱ्याकडे सरकतो. अशा दिवशी तलासरीचा मित्र हा तुमचा रडार. त्याला फोन करा.

यात आपलं काय जातं? तुमचं कदाचित फक्त क्रिकेट बुडेल. पण किनाऱ्यावरच्या घरांत मे महिना म्हणजे वलांडीवर टांगलेले बोंबील आणि जमिनीवर पसरलेला जवळा. १ जूनपासून मासेमारीबंदी लागते, तेव्हा पावसाळ्याची बेगमी आणि हातातला पैसा दोन्ही याच दिवसांत सुकत असतं. अर्धा सुकलेला बोंबील एकदा भिजला की खाण्याचा राहत नाही, खताच्या भावाने जातो. तलासरी-डहाणूच्या पाड्यांवरची कितीतरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात, आधी उचल घेऊन. मजुरी हजार विटांच्या हिशोबाने. थापलेली कच्ची वीट पावसात पुन्हा चिखल होते, आणि त्या चिखलाची मजुरी कुणाच्या खात्यात धरायची यावर हंगामाच्या शेवटी मालकाशी वाद होतो. वाद कोण जिंकतं हे तुम्हाला माहीत आहे. घोलवडच्या चिकूवाल्यांचं दुखणं वेगळं, फुलोरा आणि लहान फळं गळतात.

२०२५ आठवा. मेच्या पहिल्याच आठवड्यात मुंबई-ठाणे-पालघर पट्ट्याला वादळी पावसाने झोडपलं, २४ मेला मान्सून केरळात आणि २६ मेला थेट मुंबईत. मुंबईची नेहमीची तारीख ११ जून. ज्यांनी ‘अजून पंधरा दिवस आहेत’ असा हिशोब धरला होता त्यांचे ते दिवस गायब झाले.

आणि एक गोष्ट जी फक्त आपल्याकडचीच मुलं समजू शकतील. नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडी-दापचरी भागात भूकंपाचे धक्के सुरू झाले. जमिनीतून गडगडाट यायचा, लोक थंडीत घराबाहेर तंबूत झोपायचे. त्यामुळे आपल्याकडे आवाज झाला की पाय आपोआप अंगणाकडे पळतात. भूकंपात ते बरोबर, पण विजांच्या रात्री नेमकं उलटं. अंगण आणि अंगणातलं आंब्याचं झाड ही सगळ्यात वाईट जागा. म्हणून आवाजाआधी उजेड झाला का ते बघा. आधी लख्ख प्रकाश आणि मग गडगडाट असेल तर ती वीज, आत थांबा. उजेड नाही आणि मांडणीवरची भांडी वाजली तर बाहेर. आजीला हे एकदा नीट समजावून ठेवा, ऐन वेळी ती तुमचं ऐकणार नाही.

वीज किती लांब आहे हे मोजायला अ‍ॅप लागत नाही. चमक दिसल्यापासून गडगडाटापर्यंत सेकंद मोजा आणि तीनने भागा, तेवढे किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर पक्क्या घरात किंवा बंद गाडीत शिरा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. बीचवर सुरूच्या झाडांखाली उभं राहणं ही हौस नको. रेंज असेल तर पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं ‘दामिनी’ अ‍ॅप टाकून ठेवा, आसपासच्या २० आणि ४० किलोमीटरच्या वर्तुळात वीज कुठे पडतेय ते दिसतं. मोबाईल वीज ओढतो ही अफवा आहे. चार्जरला लावलेला फोन मात्र हातात धरू नका. कुणावर वीज पडली तर त्याला हात लावल्याने शॉक बसत नाही, लगेच १०८ला फोन करा आणि श्वास चालत नसेल तर छातीवर दाब द्यायला सुरुवात करा.

आता पुढचा पिवळा मेसेज आला की तो जसाच्या तसा फॅमिली ग्रुपवर ढकलू नका. तो कुणी वाचत नाही. आपल्या भाषेत लिहा: ‘आज चारनंतर बघा, बोंबील आत घ्या, गुरं लवकर आणा.’ भट्टीवरच्या मामाला लिहू नका, फोन करा, आणि ताडपत्री कुठे ठेवलीय ते विचारा. चारपैकी तीन वेळा पाऊस तुमच्या पाड्यावर येणारच नाही, आणि बोंबील उगाच आत-बाहेर करायला लावल्याबद्दल आई दोन दिवस टोमणे मारेल.