नाक दाबलं, तोंड किती उघडलं? (लेखांक ८)

द्वेषाची पोस्ट ठेवायची की काढायची हे कंपनीचे नियम ठरवतात, हे गेल्या आठवड्यात पाहिलं. ते नियम बदलायला लावतं कोण? अमेरिकेतल्या हक्कसंघटनांनी हात घातला तो थेट गल्ल्याला.

पहिला नमुना २०१३चा. ‘विमेन, ॲक्शन अँड द मीडिया’ ही संघटना आणि तिच्या सोबतिणींनी बायकांना मारहाण, बलात्कार यांवर ‘विनोद’ करणाऱ्या फेसबुक पानांचे स्क्रीनशॉट गोळा केले. पानाच्या कडेला ज्यांच्या जाहिराती झळकत होत्या, त्या कंपन्यांनाच ते पाठवले. तुमचा माल कशाला खेटून विकला जातोय, बघा! निसानच्या ब्रिटनमधल्या शाखेसह काहींनी जाहिराती थांबवल्या आणि आठवडाभरात फेसबुकने आपण कमी पडल्याचं मान्य केलं.

२०२०मध्ये हाच डाव मोठ्या पटावर मांडला गेला. पोलिसांच्या हातून झालेल्या जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीयाच्या हत्येनंतर निदर्शनं उसळली, तेव्हा राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी लुटालूट झाली तर गोळीबार होईल अशा अर्थाची पोस्ट टाकली. ट्विटरने ती इशाऱ्याआड झाकली, फेसबुकने तशीच ठेवली. १७ जूनला अँटी-डिफमेशन लीग, एनएएसीपी, कलर ऑफ चेंज आदी संघटनांनी ‘स्टॉप हेट फॉर प्रॉफिट’ची हाक दिली: जुलैभर फेसबुकला जाहिरात देऊ नका. हजाराहून अधिक कंपन्या सामील झाल्या. २६ जूनला युनिलिव्हरने माघार जाहीर केली, तीही फक्त अमेरिकेपुरती. आपल्याकडच्या साबण-शाम्पूच्या जाहिरातींना त्याची झळ नव्हती. त्या दिवशी फेसबुकचा शेअर आठ टक्क्यांनी घसरला आणि नियम मोडणाऱ्या नेत्यांच्या पोस्टवर शिक्का मारू, असं फेसबुकचे प्रमुख झुकरबर्ग यांनी सांगितलं. (करोनात अनेकांना जाहिरातखर्च कापायचाच होता. तत्त्वही राहिलं, पैसाही वाचला.)

तिजोरीला मात्र ओरखडाही उमटला नाही. फेसबुकचे जाहिरातदार ऐंशी लाखांच्या घरात होते. त्यांतल्या सर्वांत मोठ्या शंभरांकडून येणारं उत्पन्न जेमतेम सहा टक्के. शिवाय तिथे जाहिरातीची जागा लिलावाने विकली जाते. मोठं गिऱ्हाईक उठलं की बोली उतरते आणि तीच जागा एखाद्या छोट्या दुकानदाराच्या आवाक्यात येते. जुलै ते सप्टेंबर या तिमाहीत कंपनीचं उत्पन्न आदल्या वर्षीपेक्षा २२ टक्क्यांनी वाढलं.

तरी मोहीम वाया गेली असं मी म्हणणार नाही. ऑक्टोबरमध्ये फेसबुकने ज्यूंचा वंशसंहार नाकारणाऱ्या मजकुरावर बंदी घातली. दोनच वर्षांपूर्वी झुकरबर्ग असा मजकूर काढायला तयार नव्हते. पैशापेक्षा बदनामी जास्त बोचली, असं माझं मत.

पण बदनामीचा धाक फार टिकत नाही. एक्सने (पूर्वीच्या ट्विटरने) जाहिरातबहिष्काराबद्दल खटला भरताच जाहिरातदारांचं ‘गार्म’ हे सामाईक व्यासपीठ ऑगस्ट २०२४मध्ये गुंडाळलं गेलं, आणि जानेवारी २०२५मध्ये मेटाने (फेसबुकच्या मालक कंपनीने) द्वेषविषयक नियम स्वतःहून सैल केले. कंपनीच्या मर्जीने मिळालेलं कंपनीच्या मर्जीने गेलं.

पुढच्या आठवड्यात पाच कोटी युरोंपर्यंत दंडाची तरतूद करणारा जर्मनीचा २०१७चा कायदा पाहू.