वाढते शहर, मुदतीचा रहिवास : दुबईतील दैनंदिन जीवन आणि परिवर्तन

बीजसंज्ञा : नागरीकरण, स्थलांतर, आखाती देश, तात्पुरता रहिवास, दैनंदिन जीवन.

प्रस्तावना :

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पश्चिम आशियातील ज्या शहरांचे स्वरूप आमूलाग्र पालटले, त्यांत दुबईचा उल्लेख अग्रक्रमाने करावा लागतो. १९६८ च्या जनगणनेत या अमिरातीची लोकसंख्या सुमारे ५९ हजार होती. २००५ च्या जनगणनेत ती १३ लाखांच्या पुढे गेली आणि २०२४ च्या अखेरीस ३८ लाखांहून अधिक झाली. एका माणसाच्या हयातीत एखादे शहर साठ पटींहून अधिक वाढल्याची उदाहरणे जगात फार थोडी आहेत. अशा वाढीचे वर्णन करताना ८२८ मीटर उंचीची बुर्ज खलिफा ही इमारत, समुद्रात भराव घालून निर्माण केलेली बेटे आणि भव्य व्यापारी संकुले यांकडेच प्रामुख्याने लक्ष वेधले जाते. तथापि, शहराचे खरे स्वरूप तेथील माणसे कोठे राहतात, कोणत्या वेळी कामावर जातात, कोणाबरोबर जेवतात आणि किती काळ राहू शकतात, यावरून अधिक स्पष्ट होते.

दुबईच्या रहिवाशांपैकी संयुक्त अरब अमिरातीचे नागरिक एक दशांशाहूनही कमी आहेत. उर्वरित सर्व लोक परदेशी असून त्यांपैकी बहुसंख्यांचा रहिवास नोकरीशी आणि ठरावीक मुदतीशी जोडलेला आहे. शहर कायमचे वाढत आहे आणि ते वाढविणारा माणूस मात्र मुदतीवर राहत आहे, या विसंगतीतून तेथील दैनंदिन जीवन कसे घडते आणि अलीकडील बदलांमुळे तिच्यात कितपत फरक पडला आहे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :

१८३३ मध्ये बनी यास टोळीतील अल मक्तूम घराण्याच्या नेतृत्वाखाली लोकांचा एक गट अबू धाबीहून येऊन दुबईच्या खाडीमुखाशी स्थायिक झाला. मासेमारी, मोत्यांचा व्यवसाय आणि व्यापार हे या वस्तीचे आधार होते. आखातातील मोत्यांची मुंबई ही महत्त्वाची बाजारपेठ होती. विसाव्या शतकाच्या प्रारंभी इराणच्या किनाऱ्यावरील जकातीला कंटाळलेले व्यापारी दुबईत आले आणि त्यांनी वातकुक्कुटासारख्या दिसणाऱ्या नव्हे, तर वारा खाली घरात ओढून घेणाऱ्या उंच मनोऱ्यांची घरे बांधली. बस्तकिया या भागातील अशी काही घरे आजही जतन केलेली आहेत. १९३० च्या दशकातील जागतिक मंदी आणि जपानी संवर्धित मोती यांमुळे मोत्यांचा व्यवसाय कोसळला व शहराला व्यापाराचा आधार अधिक घट्ट धरावा लागला.

हिंदुस्थानाशी असलेला संबंध केवळ व्यापारी नव्हता. या प्रदेशातील ब्रिटिश कारभार १९४७ पर्यंत हिंदुस्थान सरकारमार्फत चालत असे. भारतीय रुपया हे तेथील चलन होते. १९५९ पासून आखातासाठी रिझर्व्ह बँकेने काढलेला स्वतंत्र रुपया वापरात आला आणि १९६६ च्या अवमूल्यनानंतर तोही मागे पडला.

दुबई केवळ तेलामुळे घडली, हा समज अर्धसत्य आहे. शेख रशीद बिन सईद यांच्या कारकिर्दीत खाडीतील गाळ काढून ती मोठ्या गलबतांसाठी खोल करण्याचे काम कर्ज काढून १९६१ पर्यंत झाले होते. तेलाचा शोध त्यानंतर, म्हणजे १९६६ मध्ये लागला आणि निर्यात १९६९ मध्ये सुरू झाली. तेलाचे साठे मर्यादित असल्याने मिळालेला पैसा बंदरे, रस्ते आणि विमानतळ यांत गुंतविण्यात आला. १९७२ मध्ये रशीद बंदर, १९७९ मध्ये जेबेल अली बंदर आणि १९८५ मध्ये तेथील मुक्त व्यापार क्षेत्र सुरू झाले. या प्रत्येक टप्प्याला मनुष्यबळ हवे होते आणि स्थानिक लोकसंख्या अत्यल्प होती. ही उणीव परदेशी कामगारांनी भरून काढली.

रहिवासाचे कायदेशीर स्वरूप :

परदेशी व्यक्तीच्या वास्तव्याची जबाबदारी स्थानिक मालकाने अथवा संस्थेने घ्यावयाची, या पद्धतीस 'कफाला' म्हणतात. खाजगी क्षेत्रातील कर्मचाऱ्याचा रहिवासी परवाना सामान्यतः दोन वर्षांचा असतो व त्याचे नूतनीकरण होऊ शकते. त्यामुळे एखादी व्यक्ती तीस वर्षे दुबईत राहिली, तरी ते तीस वर्षांचे वास्तव्य प्रत्यक्षात दोन-दोन, तीन-तीन वर्षांच्या तुकड्यांनी जोडलेले असते. नोकरी सुटली की परवाना रद्द होतो आणि दिलेल्या मुदतीत दुसरी नोकरी शोधणे अथवा देश सोडणे भाग पडते.

कुटुंबाचा प्रश्नही याच चौकटीत सुटतो. २०१९ पासूनच्या नियमानुसार कुटुंब जवळ आणण्यासाठी दरमहा किमान ४,००० दिरहम वेतन, किंवा ३,००० दिरहम आणि राहण्याची सोय आवश्यक आहे. बांधकाम, सफाई आणि सुरक्षा या क्षेत्रांतील असंख्य कामगारांचे वेतन या मर्यादेखाली असते. परिणामी, पत्नी व मुलांसह राहणे ही बाब तेथे वेतनावर अवलंबून राहते. शहराच्या लोकसंख्येत सुमारे दोन तृतीयांश पुरुष का आहेत, याचे उत्तर या नियमात बऱ्याच अंशी सापडते.

घर आणि वस्ती :

दुबईतील घरांची रचना पाहिली असता रहिवासाच्या अनेक पायऱ्या दिसून येतात. बांधकाम कामगारांची सोय कंपन्यांमार्फत शहराच्या कडेच्या वसाहतींत केली जाते. मुहैस्ना भागातील अशा वसाहतीस कामगारांनी 'सोनापूर' हे नाव दिले. सोन्याच्या शोधात आलेल्यांनी आपल्या सामाईक खोल्यांच्या वस्तीला दिलेले हे नाव बरेच काही सांगून जाते. पहाटे या वसाहतींतून बसगाड्या निघतात आणि सायंकाळी परततात. शहराचा मध्यवर्ती भाग हे कामगार बहुधा खिडकीतूनच पाहतात.

त्यापुढील पायरी 'बेडस्पेस' या नावाने ओळखली जाते. देरा, सत्वा, करामा यांसारख्या जुन्या भागांत एकाच खोलीतील एकेक खाट भाड्याने दिली जाते. दुकानांतील विक्रेते, कारकून, उपाहारगृहांतील कर्मचारी यांचा संसार एक खाट, एक कप्पा आणि शीतकपाटातील अर्धा फळा एवढ्या जागेत मावतो. कुटुंबासह राहणारा मध्यमवर्ग सदनिका भाड्याने घेतो. वर्षभराच्या भाड्याचे पुढील तारखांचे धनादेश आगाऊ देण्याची प्रथा असल्यामुळे भाडे वाढले की संपूर्ण वर्षाचे गणित बदलते. म्हणूनच अनेक कुटुंबे शेजारच्या शारजा अमिरातीत राहतात आणि रोज वाहनांच्या गर्दीतून दुबईत कामाला येतात.

नागरिक कुटुंबांच्या जीवनातही बदल झाले आहेत. खजुराच्या झावळ्यांच्या घरांतून अथवा खाडीकाठच्या दाट मोहल्ल्यांतून ही कुटुंबे शासनाने दिलेल्या भूखंडांवरील प्रशस्त बंगल्यांत गेली. सुखसोयी वाढल्या, परंतु पायी चालत शेजाऱ्याच्या मजलिशीत जाण्याची सवय कमी झाली. आपल्याच शहरात अल्पसंख्य झाल्याची आणि बाजारात अरबीवाचून काम चालत असल्याची जाणीव या समाजात वारंवार व्यक्त होते. स्थलांतराचा विचार करताना ही दुसरी बाजूही लक्षात घ्यावी लागते.

काळाची विभागणी :

शहराच्या आठवड्याचा इतिहासही उद्बोधक आहे. शासकीय साप्ताहिक सुटी २००६ पर्यंत गुरुवार-शुक्रवार, त्यानंतर शुक्रवार-शनिवार अशी होती. १ जानेवारी २०२२ पासून शनिवार-रविवार सुटी आणि शुक्रवारी अर्धा दिवस काम अशी व्यवस्था झाली. जागतिक बाजारपेठेशी व्यवहाराचे दिवस जुळावेत, हा त्यामागील एक प्रमुख हेतू होता. मात्र आठवड्यातून एकच सुटी मिळणाऱ्या कामगाराच्या जीवनात यामुळे फारसा फरक पडला नाही.

उन्हाळ्याचाही स्वतंत्र नियम आहे. १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी १२.३० ते ३ पर्यंत उघड्यावर काम करून घेण्यास मनाई असते. याच महिन्यांत शाळांना सुटी असल्याने कुटुंबे मायदेशी जातात आणि एकटा राहिलेला कर्ता पुरुष काही आठवडे पुन्हा बेडस्पेसमधील माणसासारखा जगतो. रमजानमध्ये कामाचे तास दोनने कमी होतात, बाजार रात्री फुलतात आणि मशिदींच्या तंबूंत विविध देशांतील कामगार एका पंक्तीत उपवास सोडतात.

भाषा, बाजार आणि संस्था :

देरा आणि बर दुबई यांना जोडणाऱ्या 'अब्रा' या होडीचे भाडे एक दिरहम आहे. या होडीत हिंदी, उर्दू, मल्याळम, बंगाली, फारसी आणि तागालोग या भाषा एकाच वेळी कानी पडतात. स्थानिक अरबी बोलीत सरळ या अर्थी 'सीदा', पंख्यासाठी 'बानका' असे शब्द रुळले आहेत. 'करक' हा दाट, गोड चहा तर नागरिकांच्याही दैनंदिन जीवनाचा भाग झाला असून 'कडक' या शब्दाशी असलेले त्याचे नाते मराठी वाचकास सहज ओळखता येईल.

महिन्याच्या प्रारंभी पैसे पाठविणाऱ्या विनिमय केंद्रांपुढे रांगा लागतात. दिरहमचा दर अमेरिकी डॉलरशी १९९७ पासून ३.६७२५ असा बांधलेला असल्यामुळे रुपया घसरला की भारतीय कामगाराच्या घरी अधिक रुपये पोहोचतात. रत्नागिरी, रायगड आणि गोव्यातील अनेक गावांत आखाती पैशावर उभी राहिलेली पक्की घरे आहेत. दुबईत खाटेवर झोपणाऱ्याचे घर अशा रीतीने दुसऱ्याच गावी वाढत असते.

येथील स्थलांतरितांच्या संस्थाही मुदतीचे भान ठेवून चालतात. १९६१ मध्ये स्थापन झालेल्या इंडियन हायस्कूलसारख्या शाळांत भारतीय अभ्यासक्रम शिकविला जातो. मूल दुबईत वाढते. त्याची शैक्षणिक तयारी मात्र परतीची असते. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या 'ग्रंथ तुमच्या दारी' या योजनेतून दुबईतही मराठी पुस्तकांच्या पेट्या पोहोचल्या. वाचकांच्या गटांत पेट्या फिरत राहतात. इमारतीवाचून चालणारे हे ग्रंथालय अशा शहरास विशेष अनुरूप ठरते.

संकटे आणि धोरणातील बदल :

तात्पुरत्या रहिवासाचा अर्थ संकटकाळी अधिक स्पष्ट होतो. २००८-०९ च्या आर्थिक संकटात अनेक बांधकामे थांबली आणि नोव्हेंबर २००९ मध्ये 'दुबई वर्ल्ड' या शासकीय समूहास कर्जफेडीसाठी मुदत मागावी लागली. नोकरी जाताच रहिवासाचा हक्क जाई आणि धनादेश न वटणे हा फौजदारी गुन्हा असल्याने कर्जदाराला कारावासाची भीती असे. विमानतळाच्या वाहनतळावर मोटारी सोडून परदेशी निघून गेलेल्यांच्या बातम्या त्या काळी सर्वत्र प्रसिद्ध झाल्या. २०२० च्या महासाथीतही रोजगार गमावलेले हजारो भारतीय विशेष विमानांनी परतले.

या अनुभवांनंतर नियमांत महत्त्वाचे बदल झाले. वेतन बँकेमार्फतच देण्याची पद्धत २००९ मध्ये सुरू झाली होती. फेब्रुवारी २०२२ पासून लागू झालेल्या कामगार कायद्याने मालकास कामगाराची कागदपत्रे अडवून ठेवण्यास मनाई केली. पुरेशी रक्कम नसल्याने धनादेश न वटणे ही बाब त्याच वर्षापासून बहुतांशी दिवाणी स्वरूपाची झाली. परवाना संपल्यावर राहण्याची मुदत वाढली आणि अविवाहित मुलास पालकांच्या परवान्यावर १८ ऐवजी २५ वर्षांपर्यंत राहता येऊ लागले.

दुसरीकडे २००२ पासून परदेशी व्यक्तींना ठरावीक भागांत घराची मालकी घेता येऊ लागली आणि २०१९ मध्ये दीर्घ मुदतीचा 'गोल्डन व्हिसा' आला. तो मिळविण्याचा एक मार्ग किमान २० लाख दिरहमची स्थावर मालमत्ता हा आहे. २०२१ मध्ये निवडक परदेशी व्यक्तींना नागरिकत्व देण्याची तरतूदही झाली. मात्र त्यासाठी शासकीय शिफारस लागते, स्वतः अर्ज करता येत नाही. संशोधक, उद्योजक आणि धनिक यांच्यासाठी मुदत लांबली आहे. सोनापूरच्या कामगारासाठी ती अद्याप दोन वर्षांचीच आहे.

निष्कर्ष :

वरील विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात.

१. दुबईची वाढ तेलापेक्षा व्यापार, बंदरे आणि आयात केलेले श्रम यांवर अधिक आधारलेली आहे.

२. घर, कुटुंब, शिक्षण आणि बचत यांविषयीचे तेथील निर्णय रहिवासाच्या मुदतीने ठरतात.

३. अलीकडील सुधारणांनी कामगाराचे संरक्षण वाढविले असले, तरी दीर्घ वास्तव्याची संधी मुख्यतः संपत्ती आणि विशेष कौशल्य असणाऱ्यांनाच मिळाली आहे.

दुबईतील भारतीयांचा अभ्यास करणाऱ्या नेहा व्होरा यांनी २०१३ च्या आपल्या ग्रंथात त्यांना 'अशक्य नागरिक' म्हटले आहे. नागरिकत्वाची वाट बंद असूनही हे लोक शहराशी आपलेपणाने जोडलेले असतात, हा त्यांच्या मांडणीचा गाभा आहे. दुबईत जन्मलेल्या, तेथेच वाढलेल्या आणि पंचविशीनंतर स्वतःचा परवाना शोधणाऱ्या तरुणाला 'तुझे गाव कोणते?' असे विचारले, तर तो काय उत्तर देईल? आजोबांच्या कोकणातील गावाचे नाव तो सांगेल. पण वाटा त्याला करामाच्या माहीत असतील. शहराच्या प्रगतीचे मोजमाप करताना मनोऱ्यांच्या उंचीबरोबरच या उत्तराचाही विचार होणे आवश्यक आहे.